लखमाकाकांचा डावा हात

लखमाकाकांचे दोन्ही हात एकाच माणसाचे आहेत, हे शपथेवर सांगितलं तरी कुणाला पटायचं नाही. डावा कोपरापासून खाली तव्याच्या बुडासारखा काळा, उजवा चांगला गव्हाळ. शर्टाची डावी बाही कायम दुमडलेली, उजवीचं बटण मनगटापर्यंत लावलेलं. ग्रामसेवक म्हणून साखरशेतला आलो आणि त्यांच्या शेजारी खोली घेतली, तेव्हा पहिल्याच दिवशी मी याबद्दल विचारणार होतो. पण त्यांनीच आधी विचारलं.

"भाऊसाहेब, सकाळी काय खाल्लं?"

"पोहे."

"लिंबू पिळलं?"

"पिळलं की."

"मंग सावलीसावलीनं जा."

काकांचं म्हणणं असं, की ऊन सगळ्यांवर सारखंच पडतं, पण बाधतं ते ज्याच्या त्याच्या जेवणाप्रमाणे. "पोटातलं कातडीवर येतं," हे त्यांचं पालुपद. त्याची परीक्षाही ते स्वतःच घेत. नागलीच्या भाकरीबरोबर एक दिवस सुकट, एक दिवस अंबाडी, एक दिवस मोहाचे दोडे, म्हणजे मोहाच्या फळांची भाजी. खाऊन झालं की अंगणातल्या धोंड्यावर डावा हात उन्हात पसरून बसायचं. उजवा बाहीत. "तो साक्षीला," म्हणायचे. संध्याकाळी दोन्ही हात शेजारी शेजारी धरून निकाल.

निकाल कसे लागायचे तेही सांगतो. करवंदं खाल्ली त्या दिवशी हातावर लाल रेघा उठल्या. काकांनी करवंदावर घरात बंदी घातली. ती करवंदं काढायला आपणच जाळीत खांद्यापर्यंत हात घातला होता आणि तिथे काटे असतात, हे त्यांच्या गावीही नव्हतं. मी म्हणालो तर म्हणाले, "काटा वेगळा उठतो."

मला कुतूहल होतं ते निराळंच. काकांना स्वतःला ऊन बाधल्याचं कुणी ऐकलेलं नव्हतं. उभी हयात शेतात गेलेली. मग ही उठाठेव कोणासाठी?

उत्तर घरातच होतं. जानकीकाकी मला दिसायच्या त्या उजाडण्याआधी किंवा दिवस बुडल्यावर. ऊन लागलं की त्यांच्या गालांवर लाल चट्टे उठत, सांधे धरत. जव्हारच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, ऊन टाळायला सांगितलं, आणि खाण्यानं यात फारसा फरक पडत नाही असंही सांगितलं. काकांनी शेवटचं सोडून सगळं ऐकलं.

या मे महिन्यात काकींच्या भावाच्या मुलीचं लग्न होतं, सूर्यमाळला. गाडीतून उतरल्यावर पाड्यापर्यंतची वाट उघडी, झाड नाही. काकींना जायचंच होतं. भाचीला त्यांनीच अंगाखांद्यावर खेळवलेलं. काकांनी खाण्यांचा सपाटा लावला, डाव्या हाताची सालं निघाली, पण उन्हाला पुरून उरेल असा जिन्नस काही सापडला नाही.

लग्नाच्या दिवशी मी निरोप द्यायला गेलो. काका माळ्यावर काहीतरी शोधत होते. काकी चुलीपाशी पदराआड काही खात होत्या. पाहिलं तर करवंदं.

"काकी, बंदी आहे ना?"

"हळू बोला. खाण्यानं काय होत नाय, ठावं हाय मला. डॉक्टर बोलला तवा मी तिथंच होती."

"मग काकांना सांगत का नाही?"

काकींनी माळ्याकडे पाहिलं. "सांगितलं तर हात आत घेईल. मंग बसेल नुसता माझ्या तोंडावरचे चट्टे बघत. ते त्याला बघवत नाय."

 

काका उतरले ते इरलं घेऊन. लावणीच्या पावसात पाठीवर घ्यायचं ते पानांचं इरलं, भर मे महिन्यात! दोघं अंगणात आली तशी रस्त्यावरची माणसं हसायला लागली. काकांनी लक्ष दिलं नाही. ते काकींच्या डोक्यावर नीट बसवलं, आणि सवयीनं विचारलं,

"काय खाल्लंस?"

"नागलीची भाकर."

काकींचे ओठ जांभळे झाले होते. काकांनी ते पाहिले. मग त्यांनी इतके दिवस जपलेल्या उजव्या हाताच्या बाहीनं ते पुसले, आणि म्हणाले, "बरं. चल."