बंगल्याखालची पोकळी

जमिनीच्या पोटात काय चाललंय ते मला वरूनच कळतं! उगाच नाही भूगर्भशास्त्रात एम.एस्सी. केलं. म्हणूनच गडमुडशिंगीच्या माझ्या सासऱ्यांनी, हंबीररावांनी, बंगल्यावर दुसरा मजला चढवायचं काढलं तेव्हा मी छाती पुढे काढून म्हणालो, "मामा, आधी मी जमीन तपासतो!"

काम सोपं असतं. लोखंडी पाटीवर घण घालायचा. हादरा खाली कातळापर्यंत जातो, आपटून वर येतो आणि त्याला किती वेळ लागला ते यंत्र दाखवतं. पण नुसत्या वेळेवरून खोली कळत नाही. जवळच्या बोअरमध्ये कातळ कुठे लागला ती मोजणी घ्यायची आणि दोन्ही जुळवून हादऱ्याचा वेग काढायचा. झालं!

बोअर गोठ्यामागेच होती. ती मारणाऱ्या आकारामतात्यांची जुनी वही मामांनी जपून ठेवली होती. त्यात लिहिलं होतं, 'कातळ २० प.' म्हाताऱ्याची 'फ'ची शेपटी घाईत राहून गेली असणार! मी वीस फूट धरले आणि हिशेब केला.

हादऱ्याचा वेग आला हवेतल्या आवाजाइतका! मुरुमातून तो याच्या कितीतरी पट जोरात जायला हवा. पुन्हा केला. तेच! म्हणजे बंगल्याखाली मुरूम नव्हताच, नुसती हवा होती! मी हळूच एक पाय उचलला. त्याने आपलं वजन कमी होत नाही हे जरा उशिराच लक्षात आलं.

"काय झालं ओ?" बायकोनं, पूर्णिमानं विचारलं.

"हळू बोल! खाली पोकळी आहे!"

मी कुजबुजलो होतो. सासूबाई कुजबुजल्या नाहीत.

"आगं बया! घर चाललं खाली!"

दहा मिनिटांत देव्हारा, फ्रीज, गाद्या आणि दोन म्हशी रस्त्यावर! सगळे चवड्यांवर चालत होते. म्हशींनी मात्र ऐकलं नाही. त्यांचं एकेक पाऊल पडलं की माझ्या काळजात धस्स व्हायचं.

मामा म्हणाले, "शेजारी बारकी पोरं हायती. त्यांच्या अंगावर पडायच्या आधी आपणच पाडूया." आणि त्यांनी जेसीबीवाल्याला फोन लावला!

"मामा, जरा थांबूया की!"

"पावणं, पोकळी हाय का न्हाय?"

"आहे, पण..."

"मग? ह्या भिंतींस्नी मी सोताच्या हातानं पाणी मारलंय. पाडताना मला काय बरं वाटतंय व्हय?" त्यांचा आवाज फुटला. सासूबाई तर हुंदके देत होत्या. मला घर पडेल ही भीती होतीच. माझं चुकलं असेल तर, ही त्याहून मोठी!

जेसीबी आला आणि पहिल्याच धडकेत त्यानं गेटचा खांब आडवा केला. तेवढ्यात गलका ऐकून आकारामतात्या स्कूटर रेटत आले.

"पोकळी? माझ्या बोअरपाशी? कोन म्हनतंय?"

मी वही पुढे केली. "तुम्हीच लिहिलंय की! कातळ वीस फुटांवर."

"फूट?" तात्या खेकसले. "प लिवलाय न्हवं! प म्हंजी परस! जल्मभर हिरी खांदल्या आमी, परसातच मोजणार की!"

मी वीस परस धरून पुन्हा हिशेब केला. वेग अगदी मुरुमाला शोभेल असा आला. जमीन घट्ट होती. दोन काय, तीन मजले चढले असते!

जेसीबीवाल्यानं इंजिन बंद केलं. पूर्णिमानं हळूच विचारलं, "तात्या, परस म्हंजी किती ओ?"

"दोन्ही हात वर करून हुबा ऱ्हायलेला मानूस. तेवढा येक परस."

मामांनी पडलेल्या खांबाकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. आणि पाटीशेजारी पडलेला माझा घण उचलला.

मी निमूटपणे दोन्ही हात वर केले!