उलटा नाय, उन्हाळी

होळी पेटली की दुसऱ्या दिवसापासून आमच्या आळीतले जनूकाका सदरा उलटा घालायला लागतात. उलटा म्हणजे पुढचा मागे नव्हे. आतली बाजू बाहेर. शिवणी, लोंबते दोरे, मानेमागची चिठ्ठी, सगळं जगाला दिसेल असं. मृग लागेपर्यंत हा थाट चालतो.

शहापूरच्या बाजारात रोज कुणी ना कुणी नवा माणूस भेटतोच. तो बिचारा हळूच जवळ येऊन सांगतो, "काका, सदरा उलटा घातलाय."

काका थांबतात. त्याच्याकडे दयेनं बघतात. "उलटा नाय, उन्हाळी," म्हणतात, आणि पुढं चालू लागतात.

फार खोदून विचारलं तर कारण सांगतात. "घाम आला की शिवण टोचते. शिवण लोकांनी बघावी. मी कशाला सोसू?"

आता सदरा उलटा घातला की खिसाही आत जातो. काकांचा मोबाइल वाजला की ते गळ्यातून हात घालून छातीवर काहीतरी शोधायला लागतात. नवख्याला वाटतं, यांना विंचू चावला. एकदा बँकेच्या रांगेत एका बाईंनी घाबरून त्यांना खुर्ची आणि पाणी दिलं होतं. काकांनी खुर्ची घेतली, पाणी प्यायलं आणि मग फोन उचलला.

जनूकाका मोजणी खात्यात होते. शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांतला एकही बांध असा नसेल ज्यावरून त्यांची साखळी फिरली नाही. मोजणी उन्हाळ्यातच जोरात चालते, कारण भात कापलेलं असतं आणि बांध उघडे पडलेले असतात. त्यामुळे सगळी नोकरी त्यांनी एका खाकी पिशवीवर काढली. आज या गावात, उद्या त्या पाड्यावर. मुक्काम शाळेच्या पडवीत. त्यातून त्यांचं एक शास्त्र तयार झालं, आणि निवृत्त झाल्यावर त्यांनी ते आळीवर सोडलं.

शास्त्र एका ओळीचं आहे. एक जोड अंगावर, एक दोरीवर, एक पिशवीत. "चौथा जोड म्हणजे हमाली," हे त्याचं शेपूट.

आळीतलं कुणी गावाला निघालं की काकांना कसं कळतं, देव जाणे. तुम्ही माळ्यावरून बॅग काढून तिची धूळ झटकता न झटकता तोच दारात उलटा सदरा उभा. "भरतंस? भर, भर. मी नुसता बसतो." नुसतं बसणं त्यांना जमत नाही. पाचव्या मिनिटाला ते बॅगेत कोपरापर्यंत असतात. कापड दोन बोटांत धरतात, डोळे मिटतात आणि निकाल देतात. नायलॉन असलं तर, "याला नाक नाय गो. श्वास कुठून घेल?" जीन्स निघाली तर, "ही ताडपत्री कशाला? पेंढा झाकायचाय?" बॅग भरून झाली की ती उचलून मारुतीच्या देवळापर्यंत चालत जाऊन परत यायचं, ही परीक्षा. देवळापर्यंत जाताना हात बदलावा लागला, तर नापास.

मी सापगावच्या शाळेत शिकवते. आम्हा शिक्षिकांची हंपीची सहल ठरली तेव्हा माझी झडती झाली. मी चाकांची मोठी बॅग आणली होती आणि सहा ड्रेस काढले होते. काकांनी दोन सुती ड्रेस ठेवले. बाकीचे चार पलंगावर मांडून त्यांना हात जोडले. मग आईकडे वळून म्हणाले, "वहिनी, एखादी जुनी सुती साडी द्या. फार धुतलेली."

"काका, मी सहलीला चाललेय. लुगडं नेसून फोटो काढू?"

"नेसायची कोणी सांगितली? टॉवेल झाली, चादर झाली, पडदा झाला, लागली तर साडी पण झाली. पाच वार कापड आहे ते. त्याला काय करायचं ते तुमी ठरवायचं."

माझं त्यांच्याशी भांडण झालं. खरंच झालं. मी म्हटलं, तुमचं हे मोजणीदाराचं जगणं आम्हाला नको. काका उठले आणि गेले. ते गेल्यावर मी चारपैकी दोन ड्रेस पुन्हा कोंबले, त्यातला एक भरजरी. साडी मात्र आईनं ठेवलीच.

हंपीला पहिल्याच दिवशी त्या दगडी वाटेवर बॅगेचं एक चाक निखळलं. उरलेले तीन दिवस मी ती बॅग एखाद्या हट्टी म्हशीसारखी ओढत होते. भरजरी ड्रेस एकदा घातला. अर्ध्या तासात अंगावर घामोळं उठलं. आणि ती जुनी साडी आमच्या बसच्या उन्हाकडच्या तीन खिडक्यांना बांधली गेली. तिच्या सावलीत आमच्या मुख्याध्यापिका चक्क घोरल्या.

परत आल्यावर काका ओट्यावर होते. मी तयारीत होते. आता ऐकून घ्यावं लागणार. पण काकांनी एवढंच विचारलं, "पोरी, अंग भाजलं नाय ना?" मी नाही म्हटलं. "मग झालं," म्हणाले. चाकाविषयी एक शब्द नाही. दुसऱ्या दिवशी मात्र घामोळ्यासाठी चंदनाचं खोड आणून दिलं.

माझ्या मावसभावाचं लग्न मुरबाडला होतं, मे महिन्यात. मुहूर्त बाराच्या पुढचा. मांडवावर पत्रे. मंडळी सूट, सफारी, जॅकेट घालून पंख्यांच्या दिशेनं सरकत होती, आणि त्यांच्यात जनूकाका उलट्या सदऱ्यात, सगळ्या मांडवात एकटे कोरडे. मुलीकडच्यांनी मला दोनदा विचारलं, ते तुमचेच का? मी म्हटलं, शेजारचे.

नवरदेव शेरवानीत होता. घोड्यावरून उतरला तोच पांढरा पडला आणि खुर्चीत कलला. एकच गलका. कुणी कांदा आणा म्हणे, कुणी चप्पल हुंगवा म्हणे. काका गर्दीतून आत शिरले, शेरवानीला दोन बोटं लावली, डोळे मिटले.

"आत अस्तर आहे. अस्तराच्या आत आणखी कायतरी जाड आहे. पोरगा शेंगांसारखा उकडतोय. ब्लेड आना कोणीतरी!"

न्हाव्यानं ब्लेड दिलं. काकांनी त्याला बाजूच्या खोलीत नेलं, नुसत्या बंडीवर बसवला, लिंबूपाणी पाजलं, आणि दहा मिनिटांत त्या शेरवानीचं सगळं अस्तर टरटर उसवून बाहेर काढलं. बाहेरून टाक्याला धक्का नाही. नवरदेव पुन्हा उभा राहिला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर रंग होता, आणि मुहूर्त चुकला नाही. संध्याकाळी मावशीला खोलीत ते अस्तर सापडलं आणि तिनं जो आवाज काढला तो मी इथं लिहीत नाही. शेरवानी भाड्याची होती.

पण त्या दिवसापासून मला कुणी विचारलं तर मी सांगते, आमचे काका.

आता यंदाची गोष्ट.

माझ्या वडिलांना, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, एप्रिलमध्ये छातीत दुखायला लागलं. बाजारात त्यांचं वह्या-पुस्तकांचं दुकान आहे. शटर ओढता ओढता खाली बसले. तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी हृदयाचं ऑपरेशन सांगितलं, मुंबईला. तारीख मिळाली.

अण्णा बडबडे नाहीतच, पण त्या आठवड्यात ते अगदीच मिटले. आईला दुकानाच्या किल्ल्या समजावून सांगितल्या. कुठले कागद कुठल्या डब्यात, ते दाखवलं. कुंडीतल्या मोगऱ्याला किती पाणी घालायचं, तेही सांगितलं. आई मान हलवायची आणि मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारून यायची.

निघायच्या आदल्या दुपारी मी बॅग काढली. अण्णा पलंगावरून म्हणाले, "कशाला एवढी? तिथं त्यांचेच कपडे देतात. दोन लुंग्या टाक. पुरे."

"आणि बाकी?"

"बाकी काय करायचंय?"

दारात जनूकाका उभे होते. त्यांनी ते ऐकलं. मला वाटलं आता काहीतरी टोला येईल. पण काका आले तसे मागे फिरले. अण्णांचे ते शाळेपासूनचे मित्र; मला जरा रागच आला.

तासाभरानं परत आले ते काखेत एक गाठोडं घेऊन. खाली बसले आणि ते सोडलं. आत मलमलीच्या चार बंड्या होत्या, पुढून पूर्ण उघडणाऱ्या, बटणांऐवजी नाड्या लावलेल्या. टाके हातचे होते आणि बरेच वाकडे. तारीख मिळाली त्या दिवसापासून ते घरी बसून हेच करत असणार.

"ऑपरेशन झालं की महिनाभर हात वर जात नाय," ते मला समजावत होते, जणू अण्णा तिथं नव्हतेच. "डोक्यातून कायपण घालायचं नाय. हे असं मागून सरकवायचं, पुढं नुसती गाठ. टाक्यांवर नाडी येनार नाय, मी मापून लावलीय." त्यांनी एकेक बंडी घडी घालून बॅगेत ठेवली. लुंग्या ठेवल्या. पंचा ठेवला. मग गाठोड्याच्या तळातून धुतलेल्या धोतराच्या तुकड्यात बांधलेलं काहीतरी काढलं. त्यात पांढराशुभ्र झब्बा होता, कडक इस्त्रीचा, तोही पुढून पूर्ण उघडणारा, पण बटणांचा, पायजमा होता आणि एक घडीचा रुमाल.

"याला दवाखान्यात हात लावायचा नाय गो. हा येतानाचा जोड."

अण्णा इतका वेळ छताकडे बघत होते. म्हणाले, "जनू, आणि आलोच नाय तर?"

आई दारात थबकली.

काकांनी झब्ब्याची घडी पुन्हा एकदा हातानं दाबली. म्हणाले, "आमच्या आक्काच्या वेळी मी हा जोड नेला नव्हता."

आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. आई लहानपणीच गेल्यावर तिनंच काकांना वाढवलं. स्वतः लग्न केलं नाही. मला ती अंधुक आठवते. नऊवारी कडक, पदर डोक्यावर, ओट्यावर केर काढायला आली तरी साडीची एक चुणी चुकलेली नसायची.

"घाईत नेली होती तिला मुंबईला," काका म्हणाले. "दीड महिना काढला तिथं. मग एके दिवशी सकाळी म्हणाले, न्या घरी. आनंद झाला रे मला. पन घालायला कायच नाय. नेसून गेली होती ती साडी त्या धावपळीत कुठं गेली कळलंच नाय. मी म्हटलं, काय होतंय, गाडीतून तर जायचंय. दवाखान्याच्या त्या हिरव्या झग्यात बसवली, वर चादर गुंडाळली. शहापूर जवळ आलं तशी तिनं चादर तोंडावर ओढून घेतली ती घरात शिरेपर्यंत. आळीतली सगळी बघायला आली होती. तिनं कोनाकडं बघितलं नाय. मला म्हणाली, जनू, असं नको होतं रे आनायला."

त्यांनी रुमालाची घडी सरळ केली. "आठ दिवस होती त्यानंतर. मी तीन साड्या आनून ठेवल्या उशाशी. नेसायची ताकद नव्हती."

मग ते अण्णांकडं वळले. आवाज चढला, जवळजवळ भांडल्यासारखा. "येनार का नाय ते तुझ्या हातात नाय आन् माझ्या पन नाय. माझ्या हातात येवढाच जोड आहे. तो मी भरला. गप बस आता."

अण्णांनी रुमालाकडे बघितलं. म्हणाले, "रुमाल कशाला पन?"

"असू दे. उन्हाचं येशील," काका म्हणाले.

ऑपरेशन लांबलं, पण पार पडलं. मधल्या दोन रात्री कशा गेल्या ते आम्हालाच माहीत. तिसऱ्या दिवशी अण्णांनी डोळे उघडले आणि पाणी मागितलं. वाकड्या टाक्यांच्या बंड्या इतक्या सोयीच्या निघाल्या की तिथल्या परिचारिकेनं शेजारच्या रुग्णासाठी माप मागून घेतलं. काकांना मी फोनवर हे सांगितलं. "माप नीट दिलंस ना?" एवढं विचारून त्यांनी फोन ठेवला.

घरी सोडलं त्या दिवशी मी गाठोडं सोडलं. अण्णा म्हणाले, "मी घालतो. तू बाहेर थांब." पंधरा मिनिटं लागली. आई त्यांच्या बाह्या धरून उभी होती, पण बटणं त्यांनी स्वतः लावली, खालून वर, एकेक. झब्बा दोन बोटं सैल झाला होता.

नाशिक रस्त्यानं येताना ऊन रणरणत होतं. शहापूरला गाडी आळीच्या तोंडाशी आली तसे अण्णा म्हणाले, "इथंच थांबव."

"अहो, दारापर्यंत जाते ना गाडी," आई म्हणाली.

"इथंच."

आम्ही दोघींनी दोन बाजूंनी धरलं, पण थोडं चालल्यावर त्यांनी माझा हात सोडवला. दारादारांत माणसं आली होती. अण्णा प्रत्येकाकडे बघत होते, मान हलवत होते. नीट, मान वर करून.

जनूकाका त्यांच्या ओट्यावरून उतरून रस्त्याच्या कडेला उभे राहिले होते. वरात जाताना वाट द्यावी तसे, भिंतीला पाठ लावून. सगळी आळी बोलत होती, "बरं झालं, बरं झालं" चाललं होतं.

अण्णा त्यांच्यासमोर थांबले. धाप लागली होती. "काय रे," म्हणाले, "कसा दिसतोय?"

काकांनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. खांद्यावरची एक सुरकुती हातानं साफ केली. मग बराच वेळ हात तिथंच ठेवला.

"घरी आलेला दिसतोस," म्हणाले.