चंपाचा पहिला दिवस

वर्षातून दोनदा फाटककाकांच्या दारावर पाटी लागायची : 'चंपा बाजूला बसली आहे. चार दिवस बेल वाजवू नये.' चंपा ही त्यांची पांढरी पॉमेरेनियन कुत्री. त्या चार दिवसांत तिचं ताट गॅलरीत जायचं, देवघराला कडी लागायची. चौथ्या दिवशी तिला अंघोळ घातली, की पाटी उतरायची. कोथरूडच्या आमच्या सोसायटीत पेपरवाल्यालासुद्धा कुत्रीची पाळी कळायची.

"अहो काका, कुत्र्यांना कसलं आलंय सोवळं?" मी एकदा विचारलं.

"तुमच्याकडे नसेल," काका म्हणाले आणि दार लावून घेतलं.

काका एसटीच्या कचेरीत वेळापत्रकं करायचे. निवृत्तीनंतर गाड्या गेल्या, खोड राहिली. सोसायटीतली मुलं सॉफ्टवेअर कंपन्यांत लागून संध्याकाळी कामावर निघायला लागली, तेव्हा काका जिन्यात उभे राहून विचारायचे, "आज कुठल्या देशाची सकाळ?" मी कारखान्यात कॉस्टिंग बघतो, आकडा चुकला की मला जेवण जात नाही. काका मला त्यातल्या त्यात बरा समजायचे. म्हणजे माझ्याशी दार उघडं ठेवून भांडायचे.

काकू जाऊन तीन वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. चंपा मुळात काकूंची. ती सहा वर्षांची होत आली, तेव्हा जनावरांच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "पिल्लं हवी असतील तर हीच खेप. पुढे तिच्या जिवावर बेतेल."

काका हट्टालाच पेटले. "एक पिल्लू मला, बाकीची द्या कोणालाही. हिच्यामागे घरात बोलायला कोणी नको?"

डॉक्टरबाईंनी फोनवर सांगितलं, की साधारण अकराव्या आणि तेराव्या दिवशी नराकडे न्या, पण त्याआधी एकदा तपासायला आणा. काकांनी पहिलं लिहून घेतलं, दुसरं सोडून दिलं. "तपासायचंय काय? मोजता येतं मला."

नर वाघोलीला, एका तरुण सॉफ्टवेअरवाल्याकडे. काकांनी फोनवर नराचं वय, वजन, आजार विचारले आणि शेवटी, "घरातली माणसं कशी आहेत?"

'अकराव्या' दिवशी मी दोघांना माझ्या गाडीतून घेऊन गेलो. चंपाला नवा पट्टा, काकांना इस्त्रीचा सदरा. नर मोठ्या उमेदीनं जवळ आला. चंपा शेपूट दाबून खाली बसली आणि त्याच्या कानाला चावली. तासभर हेच.

"अंकल, तिचा मूड नाही वाटत," तरुण म्हणाला.

"मूड तुमच्याकडे असतात. आमच्याकडे दिवस असतात."

परत येताना दवाखान्यात थांबलो. डॉक्टरबाईंनी चंपाला तपासलं, काचेवर नमुना घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. "हिची वेळ टळून गेलीय. आज कितवा दिवस?"

"अकरावा."

"पहिला कुठला धरलात?"

"चौथ्याला अंघोळ, म्हणजे पाचवा तो पहिला," काका म्हणाले. आणखी कुठून मोजणार, असा चेहरा.

"अहो, रक्त दिसतं तो पहिला! आज पंधरावा आहे. आणि दिवस तरी नुसता अंदाजाला, प्रत्येक कुत्रीचं वेगळं असतं. स्रावाचा रंग फिका होतो, शेपूट बाजूला घेते, ते बघायचं ना?"

"असं बघणं बरं दिसत नाही," काका म्हणाले. मला हसू आलं. त्याची आजही लाज वाटते.

"आणि बाईमाणसाचं?" काकांनी विचारलं.

"काय?"

"पहिला दिवस. तोही तसाच धरतात?"

"तसाच."

गाडीत काका माझ्या शेजारी बसले. चंपा मांडीवर झोपली होती.

"सोमण, आम्हाला डॉक्टरांनी बारावा ते सोळावा सांगितला होता. सात वर्षं पाळला. एक महिना चुकवला नाही."

मी मनात चार मिळवले. सोळावा ते विसावा. "काका, तेवढ्यानं काही होत नाही."

"काय होतं ते आत्ताच ऐकलंत की."

सिग्नलला गाडी थांबली. काका समोर बघत होते.

"बारशाला गेलं की बायका हिला वगळून पुढे जायच्या. पाळण्याला हात लावू द्यायच्या नाहीत. घरी येऊन ही एक शब्द बोलायची नाही. फक्त एकदा म्हणाली होती, अहो, पहिल्या दिवसापासून धरत असतील का? मी म्हटलं, तुला काय कळतंय मोजण्यातलं."