बहिऱ्याच्या घरची घंटा

घरात चोर शिरला तर चोराला आपटावं, ही जगाची रीत. आमच्या सुभेदार हरिबांनी चोर शिरला की आपणच आपटावं, अशी सोय करून घेतली होती. दार हातभर सरकलं की त्यांची खाट पायाकडून ढासळायची आणि सुभेदार पोत्यासारखे जमिनीवर यायचे. कल्पना सगळी त्यांची. दोरी, कप्पी आणि शिव्या खायला माणूस, एवढं मी पुरवलं होतं.

माझं तेव्हा पलूसला रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. सुभेदारांनी मला नावानं कधी हाक मारली नाही. मळ्यातनं "ए रेडिओऽ" म्हणायचे, आणि इकडं माझ्या दुकानातले मेलेले चार-दोन रेडिओ खरखरायला लागायचे. जन्म तोफखान्यात गेलेला. पेन्शनीत येताना तोफांनी दोन्ही कान ठेवून घेतले आणि बदल्यात आपला आवाज देऊन टाकला. गंमत अशी, की आपण कुजबुजतोय असंच सुभेदारांना कायम वाटायचं. एकदा घरी पाहुणे बसलेले असताना त्यांनी बायकोच्या, म्हणजे आमच्या काकींच्या, कानाशी लागून हळूच विचारलं, "ही मंडळी जाणार कवा हाईत?" ती मंडळी तर उठलीच, पण पलीकडच्या वस्तीवर दुसऱ्याकडं आलेले पाहुणेसुद्धा पिशव्या घेऊन एस्टी गाठायला पळाले.

त्यांना साऱ्या मुलखात एकाच माणसाचं ऐकू यायचं. काकींचं. तेही कानानं नव्हे. काकी समोर उभ्या राहून नुसते ओठ हलवायच्या, आणि सुभेदार उत्तर द्यायचे. दूध उतू चाललंय, म्हैस हंबरतीय, तलाठी आलाय, सगळी खबर काकींच्या तोंडून त्यांच्या डोळ्यांत जायची. आम्ही त्यांच्यापुढं बेंबीच्या देठापासून ओरडायचो. ते शांतपणे आमच्याकडं बघायचे आणि मग काकींना विचारायचे, "काय म्हणतंय ह्ये?"

कानाचा असा निकाल लागल्यामुळंच त्यांनी ते दार आणलं. पुण्याला कॅन्टोन्मेंटमध्ये कुठल्याशा साहेबाचा बंगला पाडत होते. त्याच्या लिलावातून सुभेदारांनी एक सरकतं काचेचं दार उचललं, काकींच्या दोन गोधड्यांत गुंडाळलं आणि उसाच्या रिकाम्या ट्रकमधून मळ्यावर आणलं. म्हणाले, "कडी वाजवल्याली मला कळत न्हाई. आता कोण आलंय ते दिसंल तरी." गोष्ट शंभर टक्के शहाणपणाची होती. पण सगळ्या शिवारात ते एकच काचेचं दार. पहिल्या महिन्यात तलाठ्याचं कपाळ फुटलं, चिमण्यांची लढाई झाली, आणि एका वळूनं काचेतल्या वळूला एवढ्या डुरक्या फोडल्या, की त्याचा घसा बसला आणि पुढं वर्षभर तो रेडकासारखा ओरडत होता. यात तिळभर खोटं नाही. वळू आता हयात नाही, नाहीतर दाखवला असता.

दुष्काळ सरून दोन-तीन पावसाळे झाले होते. माणसं सावरत होती, तसे चोरही सावरले होते. विहिरीवरची मोटर, गोठ्यातल्या घागरी, वाळत घातलेलं लुगडं, काहीही जायचं. आणि नेमकं त्याच साली काकींच्या पोटात गाठ निघाली.

पलूसच्या डॉक्टरनं हात लावून बघितलं आणि म्हणाला, मिरजेला न्या, वेळ घालवू नका. काकींनी ते ऐकलं, घरी आल्या आणि भाकरी थापायला बसल्या.

"मी जायाची न्हाई," त्या मला म्हणाल्या. "तितं पंधरा दिस, म्हैना ठेवून घेत्यात. हितं ह्येंच्या उशाला कोण कान दिऊन बसंल? काचंचं दार. उद्या कुणी दगुड घातला न् आत शिरला, तर ह्ये सकाळी उठून मलाच इचारतील, आगं भांडी कुठं हाईत?"

"काकी, चार दिवस सुभेदारांना लोणंदला ठेवा की. लेक हाय, जावई हाय."

"लेकीच्या घरचं पाणी तरी पित्यात का ह्ये? गेल्या खेपंला तांब्या भरून हितनं न्हेला हुता. न् भावकीतलं कोण आणावं, तर बांधाच्या भांडणापास्नं त्वांड बघत न्हाईत."

म्हणजे हिशेब सरळ होता. दाराचा बंदोबस्त झाला तर काकी मिरजेला जाणार. नाहीतर नाही. सुभेदारांनी तो काकींच्या ओठांवरून वाचला, उभे राहिले आणि मला म्हणाले, "रेडिओ, तोफा लावायच्या."

पहिली तोफ घंटेची. मी शाळेला लावतात तसली विजेची घंटा आणली, ट्रॅक्टरच्या बॅटरीवर जोडली, आणि दार सरकलं की तारेला तार चिकटेल अशी पत्र्याची पट्टी चौकटीत बसवली. चाचणी दुपारी, सुभेदार झोपल्यावर घ्यायची असं ठरलं. चोर काकी. त्यांनी पदर खोचला, डोक्याला सुभेदारांचाच पटका गुंडाळला आणि दार सरकवलं. अहो, ती घंटा अशी वाजली, की कडेगावच्या रस्त्यावरची एस्टी स्टॉप नसताना थांबली. शेजारच्या कोंबड्यांनी अंडी द्यायचं सोडलं. शाळा सुटली समजून पोरं घरी आली. सुभेदार तेवढे एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळले. काकी आत गेल्या, त्यांच्या उशाखालची तंबाखूची चंची घेतली, बाहेर आल्या आणि माझ्या हातात दिली. "खा," म्हणाल्या. "चोरीचा माल हाय."

जागे झाल्यावर सुभेदारांनी चंची हुडकली, आमची तोंडं बघितली आणि म्हणाले, "निशाणा चुकला. तोफ ठीक हाय."

दुसरा निशाणा डोळ्यांवर धरला. खाटेवर, बरोबर नाकाच्या रेषेत, मोठा बल्ब टांगला. पण बरॅकीतल्या सवयीनं सुभेदार डोक्यावरून घोंगडं घेऊन झोपायचे. घोंगडं काढायला लावलं तर वीज जायची. दोन्ही जुळून आलं तेव्हा सुभेदार उठले, मिशा पिळल्या आणि सकाळ झाली समजून दात घासायला निघून गेले. चोर उंबऱ्यात उभाच.

तिसरा पाण्याचा. दाराला दोरी, दोरीला कप्पी, कप्पीला तांब्या, तांब्याखाली सुभेदार. हा निशाणा लागला, पण भलत्या वेळी. दिवेलागणीला दार बंद ठेवलं तर लक्ष्मी माघारी जाते, म्हणून काकी रोज त्या वेळेला दार सताड उघडायच्या. शेतातून दमून आलेले सुभेदार त्याच वेळेला आडवे झालेले असायचे. लक्ष्मी आत, तांब्या खाली.

"आगं, लक्षुमीला सांग की, जरा उशिरा ये म्हणावं," सुभेदार निथळत म्हणाले.

काकींनी ओठ हलवले.

"काय म्हणाल्या?" मी खुणेनं विचारलं.

"म्हणती, लक्षुमीला नवरा हाय, तिला परत जायाचं असतंय."

असं सगळं चाललं होतं. आख्खी वस्ती संध्याकाळी तांब्या पडायची वाट बघत बांधावर बसायची. हसून हसून माणसांची पोटं दुखायची. काकीही हसायच्या, आणि हसताना पोटाला हात लावायच्या. उसाला तुरे आले, तोड सुरू झाली, तोड संपली. हातात मावणारी गाठ आता लुगड्यावरून दिसायला लागली होती. सुभेदारांची घाई वाढत गेली. शेवटी शेवटी ते जेवताना उठून दार सरकवून बघायचे.

आणि मग निघाली खाट. पायाकडचा एक खूर काढून टाकला आणि तिथं विटा रचल्या. मधल्या विटेला दोरी, दोरी दाराला. दार सरकलं की वीट निसटणार, खाट पडणार, माणूस पडणार. बहिरा असो, मुका असो, पडल्याचं सगळ्यांना कळतं. मी म्हणालो, "आवं सुभेदार, हाडं मोडतील." त्यांनी ऐकलं नाही. ऐकलं असतं तरी ऐकलं नसतं.

चाचणी पुन्हा दुपारची. काकी पुन्हा चोर. आता पटका नव्हता, पदर खोचायचीही ताकद नव्हती. मी मिरचीच्या वाफ्यात उभा. काकींनी दार सरकवलं. खाट धाडकन खाली आली, आणि सुभेदार उठले ते काठी घेऊनच. "हुकुमदार!" अशी पहाऱ्यावरची आरोळी ठोकली, की काचेचा टवका उडाला. तो मी पुढं कितीतरी वर्षं दुकानात ठेवला होता. काकी तोंडाला पदर लावून उंबऱ्यात उभ्या. सुभेदार काठी रोखून त्यांच्यापुढं, अंगाला माती, धाप लागलेली.

काकींनी हळू ओठ हलवले. मलाही लांबून वाचता आले.

"जाते मी मिरजंला."

सुभेदार पडक्या खाटेवर बसले.

मिरजेच्या दवाखान्यात काकींना ठेवून घेतलं. पोट उघडलं आणि तसंच शिवलं, एवढं कळलं होतं. पुढच्या खेपेला सुभेदारांबरोबर मीही गेलो. मोठा लांबलचक वॉर्ड, खाटांच्या दोन रांगा. काकी एवढ्याशा झाल्या होत्या. सुभेदार चहा आणायला गेले तशा त्या म्हणाल्या, "खाट पडती का रं अजून?"

"रोज. परवा तर मांजरानं पाडली."

"मांजरानं पडत आसंल. माझ्यानं न्हवती पडली."

मी स्टूल खाटेजवळ ओढलं.

"त्या दिशी दोरी ढिली हुती. दार सरकलं, वीट जागची हलली न्हाई. ह्येनीच टाचंनं ढकलली. जागंच हुतं." काकी छताकडं बघत बोलत होत्या. "इतकी वरसं झाली, ह्यांचा झोपल्याला चेहरा मला ठावं न्हाई व्हय? डोळं मिटून हुकूम आल्यावानी पडलं हुतं."

"मग तुम्ही हो का म्हणालात?"

"न्हाई म्हणलं आसतं, तर पुढच्या बारीला खाट आढ्यालाच टांगली आसती. म्हातारं माणूस. माझ्यापायी हाडं मोडून घ्यायची, म्हंजी काय." मग म्हणाल्या, "सांगू नगंस. लय खूश हुते."

सुभेदार चहा घेऊन आले. तेवढ्यात डॉक्टरांची फेरी आली. ते तपासून गेले आणि वॉर्डच्या टोकाला खिडकीपाशी थांबून त्यांनी मला बोलावलं. बहिऱ्या माणसाला हे सगळ्या वॉर्डादेखत ओरडून कसं सांगायचं, हे त्यांनाही कळत होतं. हळू आवाजात जे सांगायचं ते सांगितलं. मी मान हलवली आणि परत खाटेपाशी आलो.

"काय म्हणला डाक्टर?" सुभेदारांनी विचारलं. त्यांच्या लेखी कुजबुज. वॉर्डातल्या सगळ्या माना वळल्या.

मी काही बोलायच्या आतच काकींनी उशीवरून हात हलवला, सुभेदारांना आपल्याकडं बघायला लावलं, आणि ओठ हलवले. सावकाश, एकेक शब्द सुटा. सूज होती. उतरंल म्हणत्यात. आता घरी न्या म्हणत्यात.

सुभेदार त्यांच्या ओठांकडं बघत राहिले. नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ.

"हां," ते म्हणाले. "मग झ्याक झालं."

आणि मला म्हणाले, "चल रेडिओ, टांगा बघू." त्यांनी मला फाटकाबाहेर नेलं, टांग्यांच्या रांगेच्याही पुढं, पार लिंबाच्या झाडापर्यंत. आपला आवाज कुठवर जातो हे त्यांना इतकी वर्षं माहीत होतं, हे मला त्या दिवशी कळलं.

"डाक्टरची मिशी लय दांडगी हाय," ते म्हणाले. "पोट गाठींनी भरलंय म्हणला, ते दिसलं. हातात काय न्हाई म्हणला, तेबी दिसलं. किती दिस, ते मिशीत गेलं."

"सुभेदार, तुम्हाला—"

"मी तोफखान्यात समोरच्या डोंगरावरचं बघत हुतो. ह्यो तर चार खाटांवर हुता."

"पण आमचं तर तुम्हाला कधी..."

"तुमचंबी कळतंय. समद्यांचं कळतंय." ते लिंबाच्या खोडाला हात लावून उभे होते. "तिला वाटायचं, तिच्याबिगर मला जग कळत न्हाई. वाटू दिलं मी. तिलाबी बरं वाटायचं, मलाबी. त्येच्यापायी जायाची न्हाई म्हणून आडून बसंल, हे काय मला ठावं हुतं?"

टांगेवाले आमच्याकडं बघत होते. मी काही तरी बोलायला तोंड उघडलं.

"वरडू नगंस," सुभेदार म्हणाले. "नुसतं व्हट हलव."

मी ओठ हलवले. दिवाळी निघणार नाही.

त्यांनी ते वाचलं. पुन्हा एकदा ओठ हलवायला लावले. मग पटका सारखा केला आणि आत गेले.

आत जाऊन त्यांनी काकींची पिशवी भरायला घेतली. तांब्या, वाटी, लुगडं. आणि भरता भरता सगळ्या वॉर्डाला सांगितलं, "आमची मंडळी बरी झाली. निघालो आमी घरला." शेजारच्या खाटांवरच्या बाया उठून बसल्या. कुणी बरं झालं म्हणालं, कुणी काकींना हात जोडले, एकीनं कुंकू मागितलं. काकी सगळ्यांकडं बघून हसत होत्या.

सुभेदार पिशवीची गाठ मारायला वाकले, तशी काकींनी माझ्याकडं बघितलं आणि डोळ्यांनीच खूण केली. बघ, ह्यांना कळलं न्हाई.

मी मान हलवली.