बांगडी फुटणार नाही असा डाव

"दिवाळीच्या बाजारात बलभीम पैलवान माझ्या अंगावर आला, तर माघारी पायानं जाणार न्हाय. चौघांनी उचलून न्यावं लागंल!"

मुरुम गावातल्या आपल्या ओसरीवर बसून चाँदपाशा मण्यारानं हे जाहीर केलं, तेव्हा ऐकायला दोघीच होत्या. त्याची बायको ताहेराबी आणि शेळी. शेळी उठून गेली. ताहेराबी म्हणाली, "आदी भिंतीवरची पाल तर हाकला. सकाळधरनं तिला भिऊन तुमी घरात पाय ठेवंना झालात."

काळ निजामाचा. पोलीस ॲक्शनला अजून पाचसहा वर्षं होती. मुरुमच्या आठवडी बाजारात बायकांनी बांगड्या भरायच्या त्या चाँदपाशाकडेच. हात असा हलका, की बाई सासूची गाऱ्हाणी सांगत राहायची आणि गाऱ्हाणी संपायच्या आत डझनभर बांगड्या चढलेल्या असायच्या. वीस वर्षांत त्याचं कुणाशी भांडण म्हणून झालं नव्हतं.

पण यंदाच्या नागपंचमीला घोळ झाला. बलभीम पैलवानाची बायको हरणाबाई बांगड्या भरत होती आणि एक बांगडी तडकली. काचेचीच ती, तडकायचीच. पण त्याच दिवशी तिसऱ्या प्रहरी कुस्तीच्या फडात माकणीच्या एका पोरसवदा मल्लानं बलभीमला चीत केलं! आता हरण्याचं कारण स्वतःत शोधत बसेल तो पैलवान कसला? बलभीम लाल माती अंगावर घेऊनच चाँदपाशापुढं येऊन उभा राहिला.

"माझ्या बायकोची बांगडी फोडून माझी ताकद घालवलीस तू! दिवाळीच्या बाजारात बसलास, तर तुझी हाडं फडक्यात बांधून घरी धाडीन."

दिवाळीचा बाजार म्हणजे चाँदपाशाचं निम्म्या वर्षाचं पोट. बसावं तर हाडं जाणार, न बसावं तर चूल विझणार. हातात पावणेतीन महिने होते. चाँदपाशानं ठरवलं, एकच विद्या शिकायची, पण सर्वांगानं पुरी. पकड सोडवता यावी, मार चुकवता यावा, द्यायची वेळ आली तर देताही यावा. आणि मुख्य म्हणजे, हे सगळं चालू असताना समोर मांडलेली एकही बांगडी फुटता कामा नये!

पहिल्यांदा तो ज्ञानोबा वस्तादांच्या तालमीत गेला. वस्तादांनी त्याला खालीवर न्याहाळलं, दंड चाचपला आणि दंड सापडला नाही म्हणून सोडून दिला.

"आदी पडायला शिक," वस्ताद म्हणाले. "म्हैनाभर नुसतं पडायचं."

"पन वस्ताद, म्या बांगड्यांच्या मधी बसलेला आसतो. पडू कुठं?"

"मंग बाजूला सरकून पड."

"बलभीम तेवढा येळ थांबंल का?"

बलभीम वस्तादांचाच चेला. तो थांबणाऱ्यातला नव्हता, हे त्यांनी प्रामाणिकपणे कबूल केलं.

मग चाँदपाशानं रात्री गावाची राखण करणाऱ्या मल्लिनाथ जागल्याला गाठलं. मल्लिनाथची लाठी फिरायला लागली की माणूस दिसायचा नाही, नुसता घोंघाव ऐकू यायचा. चाँदपाशाला ते फार पसंत पडलं. चार दिवस शिकून त्यानं घरी सराव केला. पहिल्याच फेऱ्यात खुंटीवरच्या फिरोजी बांगड्यांच्या दोन माळा खाली आल्या. दुसरा फेरा ताहेराबीनं होऊ दिला नाही. तिनं लाठी हिसकली आणि तिच्यावर धुणं वाळत घातलं.

उरले लालमहंमद उस्ताद. निजामाच्या फौजेतून उतरलेला हा म्हातारा बिनोट जाणत होता. हत्यार काय, तर साधा रुमाल! त्याच्या टोकाला ढब्बू पैसा बांधायचा आणि नेमका मनगटावर नाहीतर कानशिलावर हाणायचा. चाँदपाशा हरखला. बसल्या जागी चालणारी विद्या, जागा लागत नाही, रुमाल तर खांद्यावर असतोच! त्यानं रुमाल गरकन फिरवला आणि ढब्बू पैसा स्वतःच्याच कपाळावर खाडकन बसला.

"पयला मार आपल्यालाच बसतो बेटा," उस्ताद शांतपणे म्हणाले. "दुसरा दुश्मनाला."

"दुसरा कवा शिकवनार?"

"दोन बरसांनी."

तोवर दिवाळी आली. चाँदपाशा कपाळावर टेंगूळ घेऊन बाजारात बसला. समोर बायकांची ही गर्दी! पण त्याचं सगळं लक्ष वेशीकडं. दुपार कलली आणि गर्दी दोन्ही बाजूंना हटली. बलभीम आला. मागून हरणाबाई धावत येत होती, "आवो, नगा! आवो, सणासुदीचं नगा!" पण बलभीमनं ऐकलं नाही. चाँदपाशाची गचांडी धरायला त्यानं आपला भला थोरला हात पुढं केला.

चाँदपाशानं डोळे गच्च मिटले. कुस्ती, लाठी, बिनोट, एक म्हणून आठवेना. पण वीस वर्षं समोर जो हात आला तो धरायची त्याला सवय. त्यानं तो हात धरला, अंगठ्याचं हाड तळव्यात दाबलं आणि पंजा दुमडला.

"आयाया!" बलभीम मटकन खाली बसला.

चाँदपाशाचे डोळे मिटलेलेच. उजव्या हातानं सवयीनं टोपली चाचपली, सगळ्यात मोठ्या मापाची हिरवी बांगडी उचलली आणि सरकन चढवली. वर विचारलं, "आवळ न्हाय ना व्हत, माय?"

बाजारभर हशा पिकला. पैलवानाच्या हातात बांगडी! बलभीमचा चेहरा तांबडाबुंद झाला. हात उगारून तो ती दगडावर आपटणार, तोच हरणाबाई ओरडली, "फोडू नगा! उद्या पाडव्याची कुस्ती हाय!"

बलभीमचा हात वरच्या वर राहिला. बांगडी फुटली की कुस्ती गेली, हे त्यानंच गावभर सांगितलेलं.

"काढ मग ही!" तो गुरगुरला.

चाँदपाशानं खटपट केली, तेल लावलं, साबण लावला. बांगडी हलेना. "हात ढिला सोडा, पैलवान. रागानं आवळलाय."

"ढिला सोडू कसा? राग जात न्हाय तर!"

शेवटी मनगटाला फडकं गुंडाळून पैलवान घरी गेला. चाँदपाशाला रात्रभर झोप नाही. उद्या हा हरला, तर आपलं काय होणार हे त्याला स्वच्छ दिसत होतं.

पाडव्याला समोर पुन्हा माकणीचाच मल्ल. एरवी बलभीम सुरुवातीलाच बैलासारखा धावून जायचा आणि तोंडघशी पडायचा. आज मनगट जपायचं म्हणून तो धावलाच नाही. सावकाश फिरला, थांबला, समोरच्याला दमू दिलं आणि अलगद त्याची पाठ मातीला लावली. बांगडी शाबूत! बलभीमनं आपला फेटा काढून भर फडात चाँदपाशाच्या डोक्यावर ठेवला. फेटा नाकापर्यंत आला, तरी चाँदपाशाला धन्य वाटलं. आता या मुलखात आपल्याला भय म्हणून उरलं नाही, असं त्यानं ताहेराबीला ऐकवलं. या वेळी शेळीही थांबली.

पुढच्या बाजाराला तो ऐटीत जाऊन बसला. पाहतो तर समोर चार पैलवान. चौघांचेही हात पाठीमागं, चौघांच्याही माना खाली. माकणीचा मल्ल खाकरून पुढं बसला.

"चाँदभाई, आमाला बी भरा. हिरवीच."

"भरतो की!" चाँदपाशा खुलला. "बसा, सावकाश बसा."

"पन एक हाय," मल्ल म्हणाला. "बांगडी भरून बी आमी हरलो, तर तुमची हाडं जाग्यावर ऱ्हायची न्हाईत. ह्ये तिगं बी त्येच म्हनत्यात."

चाँदपाशानं उचललेली बांगडी परत टोपलीत ठेवली. "बरं. कुस्ती कुनासंगं लागलीया तुमची?"

"आमची आमच्यातच की!"