टॉवरमधला वाटा

सोपानभाऊंच्या अंगणातल्या तारेवर मी एकदा ओला टॉवेल वाळत टाकला आणि आठवडाभर बोलणी खाल्ली. ती दोरी नव्हती, अँटेना होती.

कुरवंड्यात आमची घरं लागून आहेत. भाऊ पूर्वी लोणावळ्यात मोटारी भरायचे, म्हणजे पाण्याच्या जळालेल्या मोटारींना नवी तार गुंडाळायचे. आता ते हवेतून वीज काढतात. बांधापलीकडे त्यांच्या थोरल्या भावाच्या, म्हणजे दादांच्या खाचरात मोबाइलचा टॉवर उभा आहे. दादांनी यांना न विचारता जागा दिली, तेव्हापासून दोघांत अबोला. पण तक्रार करायला भाऊंनी वडगावची कचेरी काही गाठली नाही. "लहरी माझ्या अंगणातनं जात्यात ना? मग वाटा माझाबी हाय," एवढं म्हणून ते तांब्याची तार घेऊन आले.

हा वाटा काढण्यात दोन पावसाळे गेले. छत्रीच्या काड्या झाल्या, बिस्किटांच्या डब्याचा पत्रा झाला. माझ्या सायकलची रिम नेली ती परत आलीच नाही. जुन्या रेडिओतले डायोड काढून भाऊ जोडत बसायचे. मीटरचा काटा जागचा हलला नाही की, "हवेत लय हाय, आपल्याला धरता येत न्हाई," म्हणून सगळं उसवायचे आणि पुन्हा मांडायचे. कंटाळा या माणसाला ठाऊकच नाही.

शेवटी दिवा लागला. दिवा कसला, तांदळाच्या दाण्याएवढा लाल ठिपका. जरा वीज साठली की एकदा लुकलुकायचा आणि पुन्हा दम खायचा. मला हसू आवरेना. मी त्यांना चांगला सोलरचा दिवा आणून दिला. त्यांनी तो गोठ्यात टांगला आणि स्वतः चहाचा कप घेऊन ठिपक्यासमोर बसले.

"भाऊ, एवढ्याशा उजेडात तुम्हाला दिसतं तरी काय?"

त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "दादा दिसतो."

माझं हसू तिथल्या तिथे विरलं. टॉवरचा जनरेटर दादाच बघतात, आणि वहिनी गेल्यापासून ते एकटेच राहतात. टॉवरच्या बॅटऱ्या कधीच्याच निकामी झाल्यात. लाइट गेली की टॉवर बंद, ठिपका बंद. दादांनी उठून जनरेटर सुरू केला की ठिपका पुन्हा लुकलुकतो. दादा हिंडतेफिरते आहेत, एवढं भाऊंना घरबसल्या कळायचं.

गेल्या श्रावणात एका दुपारी लाइट गेली. ठिपका विझला. चहा संपला, तरी तो विझलेलाच. भाऊ उठले आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा बांध ओलांडून गेले. मी मागोमाग.

जनरेटरच्या खोलीपुढे दादा सुजलेला घोटा धरून खाली बसले होते. डिझेलचा कॅन शेजारी आडवा. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"तुला कुनी सांगितलं?" दादांनी विचारलं.

भाऊंनी वाकून कॅन उचलला.

"तू बस, दादा. कुटं वतायचं तेवढं सांग."