जलपर्णी बाईसाहेबांच्या बिनलग्नाच्या वंशाची हकीकत

श्रीजळदेवता प्रसन्न. शके अठराशें सतरा, मन्मथनाम संवत्सरीं, नीलावती बाईसाहेब जलपर्णी साता समुद्रांपलीकडून कुंडींत बसून एकट्या आल्या आणि तळ्यांत उतरल्या, आणि कमरेपाशीं धुमारा फुटला त्यास लेक लागली, लेकीस नात लागली, ऐसें करितां करितां अवघें तळें व्यापिलें. लग्न नाहीं, वऱ्हाड नाहीं, फुलें होतीं तीं नुसतीं मिरवावयास. सर्वांचा चेहरा एक, नांवही एकच. "नीलावती" म्हणोन हांक मारिली कीं अख्खें तळें ओ देई. मग तळ्याचे जुने कारभारी भिवजीपंत कासव यांनीं अर्ज केला कीं, "बाईसाहेब, वरल्या बंधाऱ्यावर जलपर्णीचेंच दुसरें घराणें आहे. हैबतराव उपवर आहेत, सोयरीक करावी. आपण सगळ्या एका साच्याच्या; उद्यां एकीस बाधेल तें सर्वांस बाधेल." बाईसाहेब फणकारल्या, "लग्न म्हटलें कीं विहिणीचे रुसवे आले, आणि पोर कुणाच्या वळणावर जाईल याचा नेम नाहीं. आमचें काय अडलें आहे?" पंतांनीं मान आंत घेतली, कासवच ते.

परंतु धाकट्या लेकीनें मधमाशीहातीं हैबतरावांचा पराग आणवून गुपचूप लग्न उरकिलें. बाईसाहेबांस कळतांच अंगाचा तिळपापड जाहला, आणि घराण्याचें नाक कापलें म्हणोन लेकीस कांठाच्या चिखलांत हांकलून दिली. तेथें ती वाळली आणि तिचें बीं पावसाबरोबर तळ्याच्या गाळांत जाऊन निजलें. मग सोंडवाला भुंगेरा स्वारी करून आला. एका नीलावतीचें देंठ कोठें मऊ हें मेल्यास उमगलें मात्र, एका किल्लीनें साऱ्या वाड्यांचीं कुलुपें उघडावीं तैसें जाहलें. हां हां म्हणतां तळें उघडें पडलें आणि ऊन तळाशीं पोंचलें आणि गाळांतून नातवंडें वर आलीं, कोणी बुटकें, कोणी लांबट. भुंगेऱ्यानें कांहीं मटकाविलीं. एका फताड्या पानांच्या नातीस चावा घेतला तों तोंड वांकडें करून थुंकला आणि चालता जाहला.

बाईसाहेबांचें एकच पान उरलें होतें. त्या पंतांस हळूच म्हणाल्या, "लेक माझीच, तसूभर वेगळी नव्हती. तिला लग्नाची हौस होती, म्हणजे मलाही असणार. उगाच हांकलिली हो." मग त्या फताड्या पानांच्या नातीस जवळ बोलाविली आणि बहुत वेळ न्याहाळिली. ऐसा चेहरा राज्यांत दुसरा नव्हता. तेव्हां बाईसाहेबांनीं जन्मांत पहिल्यानें विचारिलें, "बाळ, तुझें नांव काय?"

एवंच, वंश राहिला तो हांकललेल्या लेकीचा. लिहिणार त्याच वंशाचा, पाय अद्याप चिखलांत आहेत. अक्षर डळमळलें असल्यास माफी असावी.